डीच्या बाहेरचा चेंडू

४ नोव्हेंबर

दादा,

नमस्काराला हात जोडले तर पेन धरता येत नाही, म्हणून आधी लिहितो आणि शेवटी जोडतो. फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास. पत्र ठेवून दिलंस तरी घरातच राहतं.

तुझा पत्ता आई गेली तेव्हा वहिनीने डायरीचं पान फाडून त्यावर लिहून दिला होता. पाच वर्षं ते पान माझ्या पाकिटात आहे. घडी पडून घराचा नंबर पुसट झालाय, सतरा की सत्तर ते कळत नाही. सतरा लिहितोय.

कारण असं की, आपल्या हॉकी संघाला साठ वर्षं होतायत. कारखान्याने ठरवलंय की साठ वर्षांतला सर्वांत मोठा खेळाडू निवडायचा, त्याची तसबीर क्लबच्या खोलीत मधोमध लावायची आणि एक पुस्तिका काढायची. त्यासाठी पाच जणांची समिती नेमलीय. आपल्याला शिकवणारे मास्तर आहेत. एक्याऐंशीचे झाले, डोळे गेलेत, पण कान असे की कोण कुठल्या खुर्चीत बसलंय ते खुर्चीच्या कुरकुरण्यावरून सांगतात. तोफ आहे, आघाडीवर होता तसाच अजून धडाडतो. आताचा कप्तान आहे. कार्यालयातल्या एक बाई आहेत, त्यांना पुस्तिका लिहायचीय आणि हॉकी त्यांनी जन्मात पाहिलेली नाही. आणि मी, कारण सामन्यांच्या गुणवह्या माझ्या कपाटात असतात.

पहिली बैठक काल झाली. खोली तशीच आहे. टेबल टेनिसच्या टेबलावरची जाळी काढून आम्ही त्याभोवती बसलो. तोफेने बसल्या बसल्या सांगून टाकलं, ‘दोनशे अकरा गोल. वहीत आहेत. आता बोला.’

मास्तर म्हणाले, ‘त्यातले निम्मे तुला ताटात वाढून मिळाले. वाढणाऱ्याचं नाव घे.’

‘सुई. पास त्याचेच,’ तोफ म्हणाला. ‘पण मास्तर, वाढप्याला कुणी यजमान म्हणत नाही.’

कप्तान हसला. मग त्याने एक बरोबर मुद्दा काढला. म्हणाला, या वह्यांत घातलेल्या गोलांना रकाना आहे, अडवलेल्यांना कुठेच नाही. म्हणजे गोलरक्षक कितीही मोठा असला तरी वहीपुरता तो रिकामाच. मी वह्या चाळून दाखवल्या. खरंच आहे ते. साठ वर्षांत कुणाला सुचलं नाही.

‘म्हणूनच म्हणतो,’ मास्तर म्हणाले, ‘माझ्या मते कुलूप.’

तुझं हे नाव त्या खोलीत कौतुकाने फार दिवसांनी निघालं. मग तोफेने त्याचं नेहमीचं वाक्य टाकलं, ‘कुलूप भारीच होतं मास्तर, पण ऐन दिवशी आतून उघडलं.’ सगळे हसले.

बाईंना समजेना. तोफेने त्यांना तो अंतिम सामना सांगितला. शेवटची चार मिनिटं, बरोबरी, समोरच्याने मारलेला फटका, आणि पाहुण्याला वाट द्यावी तसा तू बाजूला झालास. बाईंनी विचारलं, ‘पण बाजूला का होतील?’ तेव्हा मी टेबलावर खडूने डी, म्हणजे गोलापुढचा तो अर्धगोल, काढली आणि त्यांना समजावलं की गोल धरायचा तर फटका या रेषेच्या आतून बसलेला हवा. बाहेरून मारलेला चेंडू मध्ये कुणाला न लागता गोलात गेला, तरी तो गोल नाही, उलट चेंडू आपल्याला मिळतो. म्हणून चांगला गोलरक्षक बाहेरचा चेंडू अडवायच्या फंदात पडत नाही, सोडून देतो. त्या दिवशी दादाने सोडला, आणि तो आतला निघाला.

बाई खडूच्या चित्राकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘इथे मध्ये सात-आठ जण उभे असणार. मग मागून यांना रेषा दिसायची कशी?’

चोवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तोफेने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कुणाकडेच पाहू शकत नाहीत. मी म्हणालो, ‘अनुभवाने.’

बाईंनी ते लिहून घेतलं.

पॅड बांधलेला तुझा एखादा फोटो असेल तर पाठव, पुस्तिकेला हवाय. वहिनीला नमस्कार. आता हात जोडतो.

तुझा
शेपूट

(तोफ अजून याच नावाने हाक मारतो. पन्नाशीला आलो.)


११ नोव्हेंबर

दादा,

फोटो आला नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं. फोटो मागणं हे पत्र लिहायचं निमित्त होतं, हे तू पहिल्या ओळीतच ओळखलं असशील.

काल दुसरी बैठक झाली. बाईंनी तुझ्यावरचा अर्धा परिच्छेद वाचून दाखवला. ‘अनुभवाच्या जोरावर रेषेचा अंदाज घेणाऱ्या या गोलरक्षकाचा अंदाज अंतिम सामन्यात मात्र चुकला.’ सगळ्यांनी माना हलवल्या. आता हे छापलं जाईल. आजवर जे तोंडी होतं ते कागदावर येईल, आणि कागद माझ्या कपाटात राहील.

म्हणून लिहितो. तुला माहीत असलेलीच गोष्ट तुला सांगतोय, पण ती मी माझ्या हाताने कधीच लिहिलेली नाही.

घरामागच्या शेडचं दार हा आपला गोल होता. विटेच्या तुकड्याने तू रेघ ओढली होतीस. चुलतभाऊ पुढे गर्दी करायचे, तुला काही दिसायचं नाही. मी सहा वर्षांचा, खेळायला घेण्याजोगा नव्हतो, म्हणून रडत बसलो होतो. तू मला उचलून रेघेवर नेऊन उभं केलंस आणि म्हणालास, ‘तू फक्त रेघ बघ. चेंडू बाहेरून मारला तर म्हण, जाऊ दे. आतला असला तर गप्प बस, मी अडवीन.’

मी विचारलं होतं, ‘एवढंच?’

‘एवढंच. पण बघत राहायचं.’

पुढे कारखान्याच्या संघात मी तुझ्यापुढे बचावाला उभा राहिलो तेव्हाही आपलं तेच चालू राहिलं. मैदानात बावीस जण ओरडत असतात, त्यात माझं ‘जाऊ दे’ कुणाला वेगळं कळणार? लोकांना वाटायचं कुलपाच्या पाठीलाही डोळे आहेत. तू ऐटीत एक पाऊल बाजूला सरकायचास, चेंडू जाळीत जायचा, पंच हात हलवून गोल नाही म्हणायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. कुणी म्हणायचं तोरा आहे, कुणी म्हणायचं कला आहे. तू मला रात्री जेवताना पाटावरून ढोसायचास, बस.

त्या दिवशीही मी ‘जाऊ दे’ म्हणालो. मी म्हणालो म्हणून तू सोडलास.

नंतर खोलीत मास्तरांनी विचारलं, ‘का सोडलास?’ तू बाकावर बसला होतास. तुझ्या डाव्या पॅडचे पट्टे नेहमी मी सोडायचो, कारण डावा खांदा तुझा दुखरा, हात खाली जात नसे. त्या दिवशीही मी खाली बसून पट्टे सोडत होतो. तीन पट्टे. तू माझ्या डोक्यावरून मास्तरांना म्हणालास, ‘मला बाहेरचा वाटला. चूक माझी.’

मी तिसरा पट्टा सोडला, पॅड भिंतीला लावून ठेवलं, आणि काही बोललो नाही.

तीन दिवसांनी माझी कायम होण्याची मुलाखत होती. मोठे साहेब त्या पराभवाने किती चिडले होते ते तू ऐकलं होतंस. मी तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ तेव्हा असा लावला की दादाने ठरवलंय, आता आपण मध्ये बोलणं म्हणजे त्याचा शब्द खाली पाडणं. सोयीचा अर्थ होता. मी कायम झालो. सुतारखात्यात ओतकामाचे लाकडी साचे करतो, अजून तेच करतो. आणि तू चार महिन्यांत राजीनामा देऊन त्या बस आगारात टायर मोजायला निघून गेलास. तुला कुणी शिव्या दिल्या नव्हत्या. लोक फक्त तू दिसलास की वाट द्यायचे, पाहुण्याला देतात तशी. तो विनोद पहिल्यांदा कुणी केला ठाऊक नाही.

रोज सकाळी देवापुढे उभा राहतो तेव्हा हे सांगतो. चोवीस वर्षं न चुकता सांगितलं. मला वाटायचं, देवाला सांगितलं म्हणजे झालं. पहिल्या बैठकीत बाईंनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की, देवाला ते आधीच माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मी सांगितलं नाही.

एक राहिलं. मागच्या पत्रात लिहिलं, तोफेच्या वाक्यावर सगळे हसले. त्या सगळ्यांत मी होतो.

शेपूट


१३ नोव्हेंबर

दादा,

परवाचं पत्र टाकून घरी आलो आणि बरं वाटलं. तेव्हाच शंका यायला हवी होती. अर्धं सांगितलं की माणसाला फार बरं वाटतं.

परवाचं पत्र वाचून तुला वाटेल, माझी नजर चुकली. वीतभर आत, वीतभर बाहेर, कुणाचीही चुकते. तसं नाही.

मी रेघ बघितलीच नव्हती.

मुलाखत डोक्यात होती. मोठे साहेब समोर बसले होते. वहीत माझ्या नावापुढे नऊ वर्षांत एकही गोल नव्हता. शेवटची चार मिनिटं राहिली असताना मी जागा सोडून पुढे गेलो, वाटलं एक घालावा. चेंडू हिसकावला गेला आणि त्यांचा माणूस उलटा धावत सुटला. मी त्याच्या पंधरा पावलं मागे होतो. मला त्याची पाठ दिसत होती, बाकीच्यांच्या पाठी दिसत होत्या, आणि पलीकडे तुझं डोकं, जरा उजवीकडे कललेलं, ऐकायला कललेलं.

मी गप्प बसलो असतो तर तू अडवला असतास. तसा फटका तू डोळे मिटून अडवायचास. पण गप्प बसलो असतो तर अडवल्यावर बघताना तुला कळलं असतं की मी जागेवर नाही. मी जागेवर आहे असं तुला वाटावं म्हणून मी ओरडलो. विचार करून नाही ओरडलो, पण विचार केला असता तर वेगळं केलं असतं असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

सहा वर्षांचा असताना एकच काम दिलं होतंस.


१९ नोव्हेंबर

दादा,

शेवटची बैठक काल झाली. मतं घेण्याआधी मी म्हणालो, मला वहीत नसलेलं काही सांगायचंय. तुला लिहिलं तेच सांगितलं, त्याच क्रमाने. उभा राहून सांगितलं, कारण बसून सांगितलं तर पुन्हा अर्ध्यावर थांबेन अशी भीती होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. कप्तान बिचारा छताकडे बघत होता, तो त्या सामन्याच्या वेळी दोन वर्षांचा होता.

पहिला तोफ बोलला. ओरडला नाही. म्हणाला, ‘चोवीस वर्षं मी ते आतून उघडल्याचं सांगतोय. लग्नात सांगितलं, निरोप समारंभात सांगितलं. तुझ्या मुलीच्या साखरपुड्यात तुझ्याच घरात बसून सांगितलं.’

मी म्हणालो, ‘हो.’

‘आणि तू हसत होतास, शेपूट.’

‘हो.’

‘मला एकदा गप्प बस म्हणाला असतास, तरी मी बसलो असतो रे.’

तो उठून खिडकीपाशी गेला आणि मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. म्हणजे आमच्याकडे तोंड होतं, पण बघत कुणाकडेच नव्हता.

मास्तर बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, ‘मी त्याला का सोडलास एवढंच विचारलं. कुणाच्या सांगण्यावरून सोडलास, हे विचारायला हवं होतं. मला तुमचं ते माहीत नव्हतं, पण मी शिकवणारा माणूस. माहीत असायला हवं होतं.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘तुझा आवाज मला ऐकू आला होता त्या दिवशी. कुठून आला हे मी लक्षात घेतलं नाही. तेव्हा डोळे होते ना, म्हणून कानांकडे लक्ष नव्हतं.’

मग मतं झाली. मी मत दिलं नाही, माझा तो हक्क नाही असं वाटलं. मास्तरांनी तुला दिलं. बाईंनी तुला दिलं. कप्तानाने तोफेला दिलं, म्हणाला, मला वाईट वाटतंय पण मी वहीवर जाणार, दोनशे अकरा म्हणजे दोनशे अकरा. त्याचंही चुकलं नाही. राहिला तोफ. त्याने खिडकीतून सांगितलं, ‘स्वतःला मत द्यायला लाज वाटते, आणि कुलपाला द्यायची आज लायकी नाही. सुईला.’

दोन, एक, एक. म्हणजे तू.

तुला खरं सांगतो, मला आनंद व्हायला हवा होता. मी वह्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं, आणि पायरीवर बसून राहिलो. चोवीस वर्षांपूर्वी दोन मिनिटांत होण्यासारखं काम होतं. तेव्हा तू एकोणतीसचा होतास, अजून सात-आठ वर्षं खेळला असतास. तसबीर लावून त्यातलं एक वर्षही परत यायचं नाही.

बाईंनी तो परिच्छेद खोडला. नवा लिहून आणला आहे, त्यात माझं नाव घालू का असं विचारत होत्या. मी म्हणालो घाला. त्यांनी विचारलं, ‘खरं नाव की टोपणनाव?’ मी म्हणालो, दोन्ही.

कार्यक्रम पंधरा डिसेंबरला आहे. कारखाना गाडी पाठवायला तयार आहे. मी त्यांना म्हणालो, आधी विचारतो.


३ डिसेंबर

दादा,

तुझं कार्ड सोमवारी आलं. घराचा नंबर सतराच होता, हे कळलं.

बायकोने ते कार्ड दारातच वाचलं आणि माझ्या जेवणाच्या डब्यावर ठेवून गेली. मी ते कारखान्यात नेलं, रंध्याच्या बाकावर उभं करून ठेवलं आणि दिवसभर काम केलं. आता पाठ झालंय. तू लिहिलंयस:

‘चारही पत्रं पोचली. कार्यक्रमाला येणार नाही. फोटो नाही. पॅड इथल्या शाळेला दिले. तू जागेवर नाहीस हे मला तेव्हाच कळलं होतं, आवाज लांबून आला होता. तरी जाऊ दिला.’

पहिल्या दिवशी मला फक्त शेवटचं वाक्य दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आधीचं दिसायला लागलं. म्हणजे मी मागे आहे, मला रेघ दिसणं शक्य नाही, हे कळूनही तू पाऊल बाजूला घेतलंस. मी ज्याच्यासाठी ओरडलो ते तर साधलंच नव्हतं. तुला फसवायला गेलो आणि तू फसलाच नव्हतास. तू नुसता माझ्या शब्दावर राहिलास. इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या चुकीने तुझं नाव गेलं. चुकीने नाही गेलं. तू माझ्यावर विश्वास टाकलास, त्याने गेलं.

देवापुढे आता काय बोलायचं ते सुचत नाही. दोन दिवस नुसता उभा राहून आलो.

क्लबच्या खोलीतली मधली जागा रिकामी ठेवायचं ठरलंय. फोटो नाही तर नाही, मास्तर म्हणाले, खाली नाव लिहा आणि वरची चौकट मोकळी सोडा. चौकट मी केली, सागाची. तोफ रोज येऊन ती कापडाने पुसतो. ती नवीकोरी आहे, पुसण्यासारखं तिच्यावर काही नाही, पण मी त्याला थांबवलं नाही.

मी रविवारी येतोय. बस तुझ्या आगारातच थांबते असं कळलं. बरोबर काही आणत नाही, पुस्तिकासुद्धा नाही. अकराच्या सुमाराला दार वाजवीन आणि मागे सरकून तुझ्या उंबऱ्याकडे बघत उभा राहीन. दादा म्हणून हाक मारणार नाही, जाऊ दे असंही म्हणणार नाही. अजिबात तोंड उघडणार नाही.

मी गप्प असलो की तू चेंडूचं काय करायचास ते तुला आठवत असेल. नसेल करावंसं वाटत, तर दीडची बस आहे.

हात जोडतो.

शेपूट